पायाखालचा चिंचोका

जुलैचा पहिला आठवडा होता. बाबूच्या पावसाळी सँडलचा मागचा पट्टा उसवला म्हणून मी ती मालवणच्या बाजारात शिवायला नेली. चपला शिवणाऱ्या दादांनी सँडल उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला आणि पट्ट्याकडे न बघताच विचारलं, "वयनी, झिलाचो पाय आत पडता काय?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी दोन्ही सँडल माझ्यासमोर धरल्या. आतल्या कडेचं रबर पार गुळगुळीत, नक्षीचा पत्ता नाही. बाहेरची कड मात्र दुकानातून आणली तशीच. सँडल घेऊन दीड महिनाही झाला नव्हता.

घरी येऊन माळ्यावरच्या जुन्या चपला काढल्या. आमच्याकडे सासूबाईंच्या कृपेने काही टाकून दिलं जात नाही, त्यामुळे बाबूचे गेल्या तीन वर्षांतले जोड शिल्लक होते. सगळे आतल्या बाजूने खाल्लेले. म्हणजे पुरावा तीन वर्षं माळ्यावर पडून होता, आणि मी खाली उभी राहून "चपला काय झाडाला लागतात का रे?" म्हणून ओरडत होते.

आम्ही देवबागला राहतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमचं घर, पाहुण्यांच्या चार खोल्या आणि खानावळ. ह्यांची होडी आहे, सीझनमध्ये पर्यटकांना संगमावर आणि डॉल्फिन दाखवायला नेतात. बाबू तेव्हा नववीत होता, चौदा पूर्ण. उंची १६० सेंटिमीटर, वजन ७६ किलो. खानावळीच्या घरातलं पोर, त्यात पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या थंड बाटल्यांचा फ्रीज हाताशी. वजन कुठून आलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी सगळे सांगायचे. लग्नाला जा, बारशाला जा, पहिला विषय बाबूचं पोट.

पाय कुणी बघितलेच नाहीत. मीही नाही. शाळेत पोरं त्याला 'बदक' म्हणायची, कारण तो पावलं बाहेरच्या बाजूला फेकत चालतो. कबड्डीत उभ्या उभ्या पडायचा. खेळाच्या तासाला सरांनी त्याला गुण मांडायला बसवायला सुरुवात केली, आणि त्यालाही ते बरं वाटू लागलं, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. रात्री पोटऱ्या आणि नडगीची आतली बाजू दुखायची. मी खोबरेल तेल कोमट करून चोळायचे. एका डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी पायाला हात न लावता "वजन कमी करा, रोज एक तास चालवा" सांगितलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. चालवलं. चौथ्या दिवशी तो पडवीत बसून राहिला, टाच टेकवेना. वजन उतरायला चालायला हवं, आणि चालायला पाय तयार नाहीत. ह्या फेऱ्यात आम्ही वर्षभर होतो.

चपला शिवणाऱ्या दादांच्या त्या एका प्रश्नानंतर मी मोबाईलवर शोधाशोध केली. बाबूचे पाय सपाट आहेत, म्हणजे तळव्याच्या आतल्या बाजूला असते ती पोकळी, कमान, त्याला दिसत नाही, हे कळलं. आणि मी पहिली चूक केली. बुटात घालायच्या कडक कमानी मागवल्या, साडेआठशे रुपये. चित्रात पोकळी एकदम छान भरलेली दिसत होती. बाबूने दोन दिवस घातल्या, तिसऱ्या दिवशी तळपायाला मध्यभागी हा मोठा फोड. त्या कमानी आता माळ्यावर आहेत, जुन्या चपलांशेजारी.

दुसरी घटना नागपंचमीची. माझं माहेर मसुऱ्याच्या बाजूला, घरी जायला वाटेत व्हाळ आहे आणि त्यावर साकव. दोन माडाचे ओंडके आणि एका बाजूला बांबू, एवढंच. पाऊस पडून गेलेला, ओंडक्यांवर शेवाळ, खाली गढूळ पाण्याला ओढ. माझी भाची, वय वर्षं नऊ, टुणटुण करत पलीकडे गेली. बाबू मध्यावर थांबला. बांबू दोन्ही हातांनी धरलेला, पाय थरथरताहेत. मग तो हळूच खाली बसला आणि ओंडक्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून, बसल्या बसल्या सरकत सरकत पलीकडे गेला. वाडीतली दोन पोरं हसली. हाच मुलगा खाडीत मासोळीसारखा पोहतो. पाण्यात त्याला कुणी धरू शकत नाही, आणि पाण्यावरच्या दोन ओंडक्यांवर त्याला उभं राहता येत नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली आणि आम्ही कुडाळला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेलो. आमच्या गावातल्या एका शिक्षिकेने नाव सांगितलेलं. देवबाग ते मालवण आणि पुढे कुडाळ, दोन एसट्या. होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर झाकलेली असल्यामुळे हेही बरोबर आले, हा एक फायदा.

मॅडम तिशीच्याही आतल्या. पहिलं वाक्य वजनाचं येणार म्हणून बाबू खाली बघून बसलेला. त्या म्हणाल्या, "चप्पल आणलीयस का जुनी?" मी पिशवीतून तिन्ही जोड काढले. त्या हसल्या आणि चपला घेऊन खिडकीपाशी गेल्या.

मग जवळजवळ पाऊण तास तपासणी. ती नीट सांगते, कारण तोवर मला वाटायचं की सपाट पाय म्हणजे सपाट पाय, त्यात बघायचं काय.

आधी त्याला पाठमोरं उभं केलं आणि आम्हा दोघांना मागे बोलावलं. "मागून बोटं किती दिसतात?" साधारण माणसाच्या मागून पाहिलं तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एवढंच बाहेर डोकावतं. बाबूची साडेतीन दिसत होती. घोटे आत पडलेले आणि टाचा बाहेरच्या बाजूला कललेल्या, एखादा खांब मुळाशी झुकावा तशा. मग त्याला चवड्यांवर उभं केलं. आणि तिथे आम्ही थक्क झालो. तो चवड्यांवर चढला तशी तळव्याची आतली बाजू वर उचलली गेली, चक्क कमान दिसली, टाचाही आत वळून सरळ झाल्या. खाली आला, कमान गेली. नंतर तो उभा असतानाच मॅडमनी त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलला. पुन्हा कमान आली.

"हा लवचिक सपाट पाय," त्या म्हणाल्या. "कमान आहे, पण भार पडला की टिकत नाही. चवड्यांवर उभं राहूनही पाय तसाच फळीसारखा राहिला असता, तर मी व्यायाम दिलेच नसते. आधी एक्स-रे आणि हाडांचे डॉक्टर. कधी कधी पायातली दोन हाडं जन्मतःच जुळलेली असतात, तिथे व्यायामाने त्रास वाढतो." एकाच पायाला असेल, सूज असेल, झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, तरीही आधी डॉक्टरच, असंही त्यांनी सांगितलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या ओळखीत तीन आयांनी नुसतं व्हिडिओ बघून पोरांचे व्यायाम सुरू केलेत.

मग घोट्याच्या खाली, पायाच्या आतल्या बाजूला एक हाड पुढे आलेलं असतं, त्यावर बॉलपेनने ठिपका काढला. बसलेला असताना जमिनीपासून ठिपक्याची उंची एका पुठ्ठ्यावर खूण करून घेतली, उभा राहिल्यावर परत. फरक उजव्या पायाला १३ मिलिमीटर, डाव्याला १४. साधारण १० च्या वर गेला की जास्त धरतात. पोटऱ्या इतक्या आखडलेल्या की गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढलं तर काटकोनापुढे जाईना. त्यामुळे चालताना टाच जमिनीवर टेकवून ठेवायला पाऊल मधोमध मोडतं, आणि कमान आणखी खाली बसते. म्हणजे मी ज्या पोटऱ्या तेलाने चोळत होते, त्या ताणायला हव्या होत्या.

शेवटी एका पायावर उभं राहणं. उजव्यावर ११ सेकंद, डाव्यावर ६. डोळे मिटून दोन्हीवर दोनच.

ह्यांना कमानीचं गणित पटेना. हाडं ती हाडं, ती खाली-वर कशी होतात? मॅडमनी विचारलं, "होडीची डोलकाठी कशाने उभी राहते?" हे म्हणाले, दोऱ्यांनी. "तसंच. पोटरीतून एक स्नायू उतरतो, घोट्याच्या आतल्या हाडामागून वळसा घालतो आणि पायाच्या मध्याला येऊन बांधला जातो. तो वरून ओढतो. तळव्यातले बारके स्नायू खालून आवळतात. दोऱ्या सैल झाल्या आणि भार वाढला, की काठी कलणार." त्यानंतर आठ महिने ह्यांनी घरात दुसरा शब्द वापरला नाही. "बाबू, दोऱ्या आवळल्यास काय?"

तोलाचंही सांगितलं. माणूस तोल सांभाळतो तो तिघांच्या जोरावर: डोळे, कानाच्या आतली यंत्रणा, आणि पाय-घोट्यांतून मेंदूकडे जाणारी खबर. बाबूचा सगळा भार डोळ्यांवर. डोळे मिटले की तो पडतोच. साकवाची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्या बाबूला म्हणाल्या, "खाली पाण्याकडे बघत होतास ना? पाणी वाहतंय, डोळ्यांना वाटतं आपणच चाललोय. आणि पाय खबर देत नाहीत. मग बसलास ते शहाणपणाचं केलंस." बाबूने पहिल्यांदा मान वर केली.

सपाट पायांबद्दल बोलताना सासूबाईंचा विषय निघाला. त्यांचं घरी एकच पालुपद होतं: "आमच्या येळार असली दुखणी खय होती? अनवाणी फिरलंव, काय झाला?" मॅडम म्हणाल्या, आजी अर्ध्या बरोबर आहेत. मणिपालच्या राव आणि जोसेफ ह्या डॉक्टरांनी १९९२ साली ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून लिहिलं होतं: बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत सर्वांत जास्त. पण त्यांचं म्हणणं असं की पायाची घडण मुख्यतः सहा वर्षांच्या आत ठरते. तेव्हा आता चौदाव्या वर्षी अनवाणी चालवून ठसा बदलेल ह्या आशेवर राहू नका. स्नायूंना काम मिळेल, तेवढ्यासाठी चाला.

आणि मग त्यांनी स्वच्छ सांगितलं की कमान उमटेल असं वचन मी देत नाही. दुखणं जावं, पायात जोर यावा, तोल यावा, ह्यासाठी व्यायाम. पायाचा ठसा जसा आहे तसाच राहिला तरी चालेल. मला हे तेव्हा आवडलं नव्हतं. एवढं भाडं खर्चून आलो आणि बाई म्हणते पाय सपाटच राहणार.

पहिले पंधरा दिवस फक्त तीन गोष्टी होत्या. भिंतीला हात लावून पोटरी ताणणं, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, प्रत्येकी ३० सेकंद, तीन वेळा. पाऊल पुढेच रोखलेलं हवं, बाहेर फिरलं की ताण पोटरीला न बसता कमानीला बसतो. दुसरं, खाली अंथरलेला पंचा बोटांनी गोळा करणं. आणि तिसरं 'छोटं पाऊल'.

ह्या छोट्या पावलाने आम्हाला रडवलं. खुर्चीवर बसायचं, पाऊल जमिनीवर सपाट, बोटं लांब आणि सैल. आता बोटं न मुडपता अंगठ्याचा बुंधा टाचेकडे ओढायचा, म्हणजे पाऊल जरा आखूड होतं आणि मध्ये वर उचलतं. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. वाचायला सोपं आहे. बाबू ओढायला गेला की बोटं माकडासारखी मुडपायची, नाहीतर सगळं पाऊल बाहेरच्या कडेवर पलटायचं. मी करून बघितलं तर माझंही तेच. पाचव्या दिवशी त्याच्या तळव्यात असा गोळा आला की तो ओरडत उठला आणि म्हणाला, "माझ्या पायात तो स्नायूच नाहीये, मॅडमना सांग."

मग मला एक युक्ती सुचली. त्याला कळतच नव्हतं की काय उचलायचं, तर तिथे काहीतरी ठेवावं. पडवीत डब्यात काजूबिया होत्या, त्यातली एक त्याच्या पावलाच्या पोकळीखाली सरकवली. सासूबाईंनी पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "काजूबी कित्याक घेतलंस? चीक लागलो तर पाय सोलून निघात!" बरोबरच होतं त्यांचं, काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, मला भान राहिलं नाही. शिवाय बी जाडही होती. त्यांनीच आतून चिंचोका आणून दिला. चपटा, गुळगुळीत, बरोबर मापाचा. "ह्याका लागता नये," त्या बाबूला म्हणाल्या, आणि नातवाच्या पायाशी पाट घेऊन बसल्या.

नवव्या दिवशी चिंचोका सुटला. मी स्वयंपाकघरात घावणे काढत होते. "आई, आई, आई" अशी हाक आली म्हणून तवा तसाच टाकून धावले. बाबू श्वास रोखून बसलेला, आणि सासूबाई जमिनीला कान लावल्यासारख्या वाकून त्याच्या पावलाखाली बघत होत्या. चिंचोक्याच्या वर जेमतेम एका कागदाची फट. तीन सेकंद टिकली असेल. घावण करपला.

त्यापुढचं एवढं तपशीलात सांगत नाही. दर तीन आठवड्यांनी कुडाळ, आणि प्रत्येक वेळी काहीतरी वाढवलं जायचं. छोटं पाऊल बसून झालं की उभ्याने, मग एका पायावर. टाचा उचलण्याचा व्यायाम पडवीचा खांब धरून: दोन टाचांमध्ये टेनिसचा चेंडू दाबून ठेवायचा आणि वर जायचं, उतरताना तीन आकडे मोजत सावकाश. चेंडू निसटला तर ती खेप धरायची नाही. चेंडू का, तर टाचा आत ओढणारा तोच तो घोट्यामागून वळसा घेणारा स्नायू कामाला लागतो. कुशीवर झोपून गुडघा उघडणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं हेही होतं. पायाला नि कमरेला काय संबंध म्हणून मी विचारलं, तर मॅडमनी त्याला एका पायावर अर्धं बसायला लावलं. गुडघा आत पडला, आणि गुडघ्यामागोमाग पाऊल. खालून दुरुस्त करून वरून ढासळत असेल तर उपयोग नाही.

तोलासाठी आधी भिंतीपाशी एका पायावर. ३० सेकंद जमले की पायाखाली घडी केलेली गोधडी. मग गोधडीवर उभं राहून चेंडू झेलायचा. ह्यात हे तरबेज, मुद्दाम वाकडा टाकायचे. बापलेक एवढं हसलेले मी दोन-तीन वर्षांत पाहिले नव्हते.

वाळूवर मात्र आम्ही घाई केली. ऑक्टोबरात पाऊस ओसरला, पुळण मोकळी झाली, आणि मीच म्हटलं, घरासमोर समुद्र असताना खोलीत काय करतोस? कोरड्या भुसभुशीत पुळणीतून त्याला पाऊण तास चालवलं. दुसऱ्या दिवशी टाचेच्या वरची शीर सुजली, आठवडा वाया. मॅडम फोनवर चांगल्याच रागावल्या. मऊ वाळूत टाच खोल जाते, पोटरी आधीच आखूड, सगळा ताण तिथे. मग पद्धत ठरली: ओहोटीच्या वेळी, पाण्याजवळच्या ओल्या कडक पट्टीवर, आधी दहा मिनिटं. आणि ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत यायचं, कारण किनारा समुद्राकडे उतरता असतो, जाताना एक पाय खालच्या बाजूला, येताना दुसरा. एवढी वर्षं किनाऱ्यावर राहून हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. भरती-ओहोटीचं गणित ह्यांच्याकडे असल्यामुळे रोजची वेळ हे सांगायचे.

ओल्या वाळूत स्वतःचे ठसे बघत चालायचा बाबूला नाद लागला. इतका, की पाहुण्यांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेला तेव्हा महाराजांच्या पावलाचा ठसा ठेवलाय तिथे तो बराच वेळ वाकून उभा होता. "कमान बघत होतो," म्हणाला. पाहुणे बावचळले.

खाण्याबद्दल. मॅडमनी तक्ता दिला नाही. वजनकाटा महिन्यातून एकदाच, आणि उंचीबरोबर, एवढीच अट. आम्ही थंड बाटल्यांचा फ्रीज आतल्या खोलीतून पाहुण्यांच्या ओट्यावर नेला, एवढ्यानेच बरंच काम झालं. दुपारी शाळेतून आल्यावर फरसाणाऐवजी पेज आणि सुका बांगडा नाहीतर उसळ. वडे-सागोती सणालाच. आणि खाडीत पोहणं रोज, कारण पाण्यात पायावर भार नसतो आणि त्याला ते मनापासून आवडतं. ह्या वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर दम लागेल असं काहीतरी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचा तो तास पोहण्यातच निघायचा.

सगळं सरळ झालं नाही. दिवाळीची सुट्टी म्हणजे आमचा सीझन. चारही खोल्या भरलेल्या, दिवसाला साठ-सत्तर थाळ्या, बाबूही ताटं उचलायला. सतरा दिवस एकही व्यायाम झाला नाही. नंतर एका पायावर उभा राहिला तर डावा पाय पुन्हा १५ सेकंदांवर. तो चिडला, चेंडू खाडीत फेकून दिला. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाट मांडला आणि नुसता चिंचोका जमिनीवर ठेवला.

नाताळात आम्ही शहाणपणा केला. वेगळा वेळ काढायचाच नाही. दात घासताना एक पाय, थाळीवाल्यांची यादी लिहिताना चवडे, अभ्यासाला बसला की खाली चिंचोका. पूर्ण व्यायाम आठवड्यात तीनदाच. हे टिकलं.

मधे मुंबईचे दीर आले होते. पोराचे पाय बघून म्हणाले, "सैन्यात-पोलिसात विचारू नका आता, सपाट पाय म्हणजे बाद." बाबूचा चेहरा पडला, खरं तर भरतीचा विचार त्याने कधी केलेलाही नव्हता. मॅडमना विचारलं तर कळलं की सैन्याच्या तपासणीतसुद्धा चवड्यांवर कमान परत येते का, पाय लवचिक आणि न दुखणारा आहे का, चवड्यांवर धावता येतं का, हे बघतात. नुसता सपाट म्हणून सरसकट बाद नाही. काय करणार, आमच्याकडे अर्धं ऐकून पूर्ण सांगणारी माणसं फार.

एप्रिलमध्ये आठ महिने झाले आणि मॅडमनी पहिल्यासारखी सगळी तपासणी केली. एका पायावर उजवा ४५ सेकंद, डावा ४०. डोळे मिटून ९. एका पायावर टाच उचलणं सुरुवातीला उजव्याने ७ आणि डाव्याने ४ वेळा जमत होतं, ते २२ आणि १८. पाऊल काटकोनापुढे आरामात जातं. नडगी दुखत नाही, तेलाची बाटली कधीची कपाटात गेली.

आणि तो बॉलपेनचा ठिपका? १३ चे ११, १४ चे १२. कागदावर ओल्या पायाचा ठसा घेतला, ऑगस्टमधला शेजारी ठेवला. मी चष्मा लावून बघितलं. आतल्या कडेला किंचित खाच आहे म्हणावं तर आहे. सपाटच आहे पाय. बाबू म्हणाला, "असू दे." वजन ७७, म्हणजे एका किलोने जास्तच, पण उंची १६४. वाढीच्या तक्त्यावर अजून लठ्ठपणाच्या रेषेच्या वरच्या बाजूलाच आहे, पण रेषेपासूनचं अंतर कमी झालंय. नातेवाइकांना ह्यातलं काहीच दिसत नाही. त्यांचा पहिला विषय अजून पोटच.

चप्पल घेताना आता मी तीन गोष्टी बघते: टाचेचा कप दाबून दबत नाही ना, चप्पल बोटांपाशी वाकते की मधोमध, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा आहे ना. शाळेच्या बुटात मॅडमनी दिलेली मऊ गादी आहे, फक्त खेळाच्या दिवशी. ती पाय बदलत नाही, पाय दमू देत नाही, एवढंच तिचं काम.

जूनमध्ये माहेरी गेलो तर साकव तसाच होता, नवे ओंडके अजून टाकायचे होते. बाबू काठावर थांबला. सँडल काढून हातात घेतली, समोरच्या फणसाकडे नजर लावली आणि बोटं पसरून पहिलं पाऊल टाकलं. बांबूला हात होता, पण नुसता टेकवलेला. मध्यावर त्याचा डावा पाय घसरला, घोटा थरथरला, मला बघवेना. तो थांबला, पाऊल आवळलं, मी ते आवळणं लांबून ओळखलं, आणि पुढे गेला. पलीकडून म्हणाला, "आई, तू ये आता, शेवाळ आहे, जपून."

मी अर्ध्यावर गेले आणि माझीच टाच कळवळली. दिवसभर चुलीसमोर उभं राहून माझे पाय काय झालेत ते मी कधी बघितलं नव्हतं. त्या रात्री बाबूने मला पाठमोरं उभं केलं आणि मागे जाऊन बोटं मोजली. डाव्याची तीन दिसतात म्हणे. गणपती झाले की कुडाळची तारीख आहे, ह्या वेळी दोघांची. जुन्या चपला मी पिशवीत भरून ठेवल्यात.